मेलेली विहीर कोण मोजतं

“रेणू, कुठी गेली वं माय?” ज्योतीने हाक मारली.

केळीच्या बागेतून उत्तर आलं, “रेणू, कुठी गेली वं माय?”

आवाज ज्योतीचाच होता. तसाच घाबरलेला, ‘माय’ म्हणताना तसाच चिरकलेला. ज्योती माझ्या शेजारी उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

रेणू ही ज्योतीची मुलगी. तेव्हा दहा वर्षांची असेल. तिचे पाय चांगले, कान त्याहून चांगले, पण स्वतःचं बोलणं नाही. जे ऐकते ते परत बोलते. नुसते शब्द नाही, ज्याचं त्याच्या आवाजात. शाळेत ती मोठ्या बाईंच्या आवाजात “शांत बसा” म्हणायची आणि मी खरंच खाली बसायचे. शाळेत आम्ही हसायचो. त्या दुपारी कोणी हसलं नाही.

फैजपूरच्या बाजूला रेणूच्या आजोबांची, आबांची, केळी आहे. तिथं आमच्या शाळेच्या मुलांची भरिताची पार्टी होती. वांगी भाजून झाली होती, आम्ही बायका ती सोलायला बसलो होतो. मान वर केली तर रेणू चटईवर नव्हती.

केळीच्या बागेत हरवायला लांब जावं लागत नाही. चार ओळी आत गेलं की संपलं. वर पान पानाला मिळालेलं, खाली हिरवा काळोख, चारी बाजूंना सारखीच खोडं. घडांना पांढऱ्या पिशव्या घातलेल्या असतात, त्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लटकतात. जिकडे बघावं तिकडे कोणीतरी तोंड झाकून उभं आहे असं वाटतं. आवाजाचं तर काही खरंच नाही. पानं तो पिऊन टाकतात. हाक जवळून आली की लांबून, कळत नाही.

सगळे बाप ओळींमध्ये घुसले आणि ओरडायला लागले. शेतातल्या माणसाची सवय, काही हरवलं की आधी हाक. जितक्या हाका गेल्या तितक्या परत आल्या, ज्याच्या त्याच्या आवाजात. आबांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, ज्योतीच्या आवाजामागे धावला आणि फिरून आमच्याच समोर बाहेर आला. ज्योतीला बघून जागीच थांबला.

“तुमी अठी? मंग तठी कोन बोली ऱ्हायलं?”

“गप बसा सगळे!” मी ओरडले. “एकानेही तोंड उघडायचं नाही!”

“एकानेही तोंड उघडायचं नाही,” आतून मीच म्हणाले.

मग खरंच सगळे गप्प झाले. पानावर पान घासत होतं, बाकी काही नाही. आणि केळीच्या आतून एक म्हातारी बाई बोलली.

“अहो, जेवाले चला. निवी ऱ्हायलं सगळं.”

हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. ज्योतीने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. आबा शेडच्या खांबापाशी उभे होते. त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.

तो त्यांच्या बायकोचा आवाज होता. ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी वारली होती.

पुढचं सांगते. पण मी तिथं कोण, आणि अशी मुलं घेऊन आम्ही रानात गेलोच कशाला, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाचणारा म्हणेल, बायकांना अक्कल नव्हती. दिवाळी अंकाच्या बाईंनी मला सांगितलं होतं, मुलांच्या सहलींबद्दल लिहा, वाचणाऱ्याला बरं वाटेल असं लिहा. पहिलं जमेल. दुसऱ्याचं मी सांगू शकत नाही.

मी जळगावला विशेष मुलांच्या शाळेत मदतनीस होते. शिक्षण चौथी. मुलांना गाडीतून उतरवायचं, भरवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, झटका आला तर कुशीवर वळवून शेजारी बसायचं. एवढंच काम. जागा बघायचं काम नंतर अंगावर आलं. पहिल्या सहलीला आम्ही बस भरून डोंगरावरच्या एका देवीला गेलो होतो. खाली उभं राहून पायऱ्यांकडे बघितलं, कोणाला तरी वर पाठवून प्रसाद आणवला, बसमध्येच डबे खाल्ले आणि परत आलो. मुलांनी देवी बघितली नाही, पायऱ्या बघितल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, “मावशी, पुढच्या वेळी तुम्ही आधी जाऊन बघून या.”

तेव्हापासून मी आधी जाते. माझी रीत साधी आहे. शाळेची रिकामी चाकाची खुर्ची सलीमभाईच्या रिक्षाला बांधायची, जागेवर गेलं की मी खुर्चीत बसायचं आणि सलीमभाईने ढकलायचं. उभ्या माणसाला पायरी दिसत नाही. त्याचा पाय आपोआप उचलला जातो आणि तो सांगतो, “कुठं काय, सगळं सपाट आहे.” उंबरा चाकाला लागून दात वाजले की कळतं, सपाट म्हणजे काय. रॅम्प आहे का विचारलं तर सगळीकडे आहे म्हणतात. बघायला गेलं तर रॅम्प असतो, त्यावर कुंड्या असतात. किंवा इतका उभा की मूल वर न्यायला दोन माणसं आणि खाली धरायला चार.

बघायचं काय, तर पायरी, संडास, पाणी आणि सावली. शेत असेल तर विहीर. या गोष्टी मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कधी मान्य करत नाही. विहिरीचं मात्र विचारावं लागतं. सगळं शेत पायाखाली घालणं होत नाही, आणि शेतकऱ्याला आपली विहीर माहीत नाही असं कधी होत नाही. निदान मी तसं समजत होते.

खुर्चीत बसायला मला आधी काही वाटत नव्हतं. मग एक गोष्ट लक्षात आली. त्या खुर्चीत बसलं की माणूस दिसेनासा होतो. टपरीवाला माझ्या डोक्यावरून सलीमभाईला विचारतो, “यांना चहा चालतो का?” सलीमभाई चेष्टेखोर. “विचारून सांगतो,” म्हणायचा आणि खाली वाकून मोठ्याने, “अम्मी, चहा पिणार का?” मी म्हणायचे, “तुझ्या अम्मीला दोन बिस्किटं पण सांग.” मी बोलले की तो टपरीवाला दचकायचा. खुर्ची बोलली असं त्याला वाटायचं. हसण्यावारी नेलं, पण घरी आले की मी आरशात बघून यायचे. उगाच.

निवृत्त झाल्यावरही फोन येतात. कोणाचा तरी नातू, कोणाची मुलगी. “मावशी, हिला कुठं नेऊ?” मी विचारते, चालते का, बसते का, गर्दीला भिते का, आणि सांगते. बहुतेकांना मेहरूण तलावाकाठी सकाळी जा म्हणते. बहुतेकांचं भागतं. काहींचं भागत नाही.

जामनेरकडच्या एका बापाने विचारलं, “अशी जागा सांगा, जिथं कोणी टक लावून बघणार नाही.” त्याचा मुलगा मोठा झालेला, डोकं फार मोठं, खुर्चीत मान पट्ट्याने बांधलेली. आधी मी सांगितलेल्या सगळ्या जागा त्याने या ना त्या कारणाने मोडीत काढल्या होत्या. मी वैतागून म्हटलं, “अशी एकच जागा, भाऊ. अमरधाम.”

मला वाटलं, आता हा फोन आपटणार. मग तो म्हणाला, “कोणत्या गावचं?”

मी बोलून बसले होते, तर बघायला गेले. आणि काय सांगू, इतकी सोयीची जागा मी त्याआधी बघितली नव्हती. फाटकापासून आतपर्यंत गुळगुळीत सिमेंट. एक पायरी नाही. वळणं रुंद. कडुनिंबाची सावली, बसायला बाक, हात धुवायला नळ. तिरडी घेऊन येणारे अडखळू नयेत म्हणून सगळं केलेलं. उचलून आणलेल्या माणसासाठी पूर्ण गावात कोणी विचार केला असेल तर तो इथंच.

आम्ही सकाळी गेलो. बाप, मुलगा आणि मी. आई आली नाही, गाडीतच बसली. आत कोणी नव्हतं, एका ओट्यावरची राख मात्र अजून धुगधुगत होती, तिच्या बाजूने गेलं की गालाला ऊब लागायची. तिथला राखणदार खोलीतून डोळे चोळत बाहेर आला. खुर्चीकडे बघून त्याने विचारलं, “कोनाचं हाये? लाकडं सांगितली का?”

“कोनाचंच नाही,” बाप म्हणाला. “फिरायला आलो.”

राखणदाराने मुलाकडे बघितलं, मग आमच्याकडे. जसं काही रोजच कोणी ना कोणी फिरायला येतं. “बसा मंग,” म्हणाला. “दुपारी एक यायचं हाये. तवरोक मोकळंच हाये.”

मुलगा खूष होता. कावळे बघून ओरडत होता. बाप बाकावर बसून ओंजळीत तोंड धरून होता. तो अजूनही तिथं जातो असं कळलं. मयतीची माणसं आली तरी हे उठत नाहीत, कारण तिथं जो येतो तो खाली बघतो. त्याला हवी होती ती जागा मिळाली. मी ती जागा परत कोणाला सांगितली नाही. विचारलं असतं तर सांगितली असती का, माहीत नाही.

धुळ्याचं प्रकरण वेगळं. जुन्या गल्लीतलं घर, मुलगी विशीतली, जन्मापासून पलंगावर. तिला कधी बाहेर काढलंच नव्हतं. आई म्हातारी व्हायला लागली तेव्हा तिला वाटलं, एकदा तरी उन्हात न्यावी. मी दाराची रुंदी बघायला गेले. घराच्या कोपऱ्याला, भिंतीशी, नारळ, लिंबू, कुंकू टाकलेला भात. उतारा. ताजा होता.

मी आईला विचारलं, “तुम्ही टाकता का?”

“नाही वं, मावशी. कोन टाकस काय माहीत. वरसे व्हयनात. कोनले आमनं वाईट करनं शे, देव जाणे.”

तिची मुलगी पलंगावर आवाज करत होती. रडणं नाही, हाक नाही. लांबून कोणी शंख वाजवावा आणि मध्येच श्वास संपावा, तसा. मला सवय आहे तरी दुपारच्या त्या घरात माझ्या अंगावर काटा आला.

ठरल्या दिवशी आम्ही तिला खुर्चीत बसवून गल्लीत आणलं. गल्ली चालू होती. भाजीवाला, नळावरच्या बायका, गाडी पुसणारा माणूस. चाक उंबऱ्याबाहेर आलं आणि सगळं थांबलं. नळ वाहत राहिला, हंडा भरून सांडत राहिला. समोरच्या ओट्यावर एक अक्का बसल्या होत्या, शेजारचंच घर त्यांचं. त्यांनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मुलीने तो आवाज काढला. दोन दारं धाडकन बंद झाली.

अक्का मात्र उठून जवळ आल्या. वाकून त्यांनी मुलीच्या हाताला बोट लावलं, काढलं, परत लावलं.

“हात ऊन शे वं हिना,” त्या म्हणाल्या.

“मंग काय गार राही?” आई फणकारली. “मनी पोर शे. जिती शे.”

“माय वं! आम्हले वाटे, तुमना घरमा काहीतरी शे. बठ्ठी गल्लीले माहीत व्हतं. दर अमावस्याले मीच उतारा टाकू.”

वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने मूल लपवलं होतं आणि दुसरीने त्याचं भूत केलं होतं. आम्ही मुलीला बागेत नेलं, ती तिथं झोपून गेली. त्यानंतर उतारा बंद झाला. पण दुपारी तो आवाज आला की अक्का अजूनही कानावर हात ठेवतात, असं आई सांगते. माहीत झालं म्हणून भीती जाते, असं काही नाही.

आता फैजपूर.

भरिताची पार्टी ही मी बघितलेल्या सहलींमधली सगळ्यात बरी सहल. आमच्याकडे थंडीत सगळेच करतात. मोठी हिरवी वांगी, ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायची, वर मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि पुऱ्या. केळीच्या पानावर बसून खायचं. तिकीट नाही, रांग नाही, पायरी नाही. मूल ओरडलं तरी ऐकायला फक्त केळी.

आबांनी शेत दिलं, कारण नात आमच्या शाळेत. रेणूचा बाप सुरतेला कामाला, ज्योती तिला घेऊन जळगावात राहायची, सुट्टीत दोघी गावी. आबा कमी बोलणारे, टोपी डोक्यावरून न हलणारे. शेतातल्या खोलीला कमोड होता. बायकोचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांनी बसवून घेतला होता. मी खुर्चीत बसून अंगण, खोली, बांध सगळं फिरले. मग विचारलं, “आबा, विहीर कुठं आहे?”

“विहीर नाही. बोअरवर हाये सगळं.”

“बघा हं. मुलं आहेत.”

“नाही म्हनलं ना बाई.”

खोटं बोलणारा माणूस नव्हता. आजही मी म्हणेन, ते खोटं बोलले नाहीत.

तर तांब्या पडला आणि आबा तसेच उभे राहिले. आतून परत आवाज आला, “अहो, जेवाले चला. निवी ऱ्हायलं सगळं.” या वेळी त्याच्या मागोमाग तोच आवाज आणखी एकदा आला, खालून, जाडसर. जशी एक म्हातारी बोलली आणि तिच्या पायाखालून दुसरी बोलली. ज्योती रडायला लागली होती. सासू गेल्यापासून रेणूने तो आवाज एकदाही काढला नव्हता. जेवायच्या वेळी सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे आणि ती गप्प जेवायची.

“घुमी ऱ्हायलं,” आबा म्हणाले.

“काय?”

“केळीत आवाज घुमत नाही.” त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. “ती विहिरीवर हाये.”

“कोणती विहीर? तुम्ही म्हणालात विहीर नाही!”

“ती मेली ना पन. पानी आटलं तवाच मेली. मेलेली कोन मोजतं?”

चालता चालताच बोलले. मी बाकीच्यांना हातानेच थांबवलं. आम्ही तिघं निघालो. आबा पुढे, मग ज्योती, मग मी. आबा ओळी कापत तिरके चालले होते, एकदाही इकडेतिकडे न बघता. पिशव्या तोंडावर आपटत होत्या. नंतर मला कळलं, त्या भागात अशा कितीतरी आहेत. बोअर झाले, पाणी खाली गेलं, विहिरी कोरड्या पडल्या. पाणी असतं तोवर विहीर घरातल्या माणसासारखी. दिवाळीत तिच्यावर दिवा ठेवतात, लग्नानंतर नवी सून पाया पडायला येते. पाणी गेलं की दिवा बंद. तिचं नाव निघत नाही. शेताचं सांगताना तिला कोणी धरत नाही, जसं घरातली माणसं सांगताना मेलेल्याला धरत नाहीत.

केळी संपली आणि गवत आलं. गवताच्या मध्ये काळं भोक. कठडा नाही, काही नाही. रेणू काठावर बसली होती, पाय आत सोडून. वाकून खाली बघत होती. वेण्या पुढे लोंबत होत्या.

“अहो, जेवाले चला,” ती म्हणाली.

“...जेवाले चला,” खालून आलं.

रेणू हसली. तिला मी इतकं हसताना बघितलं नव्हतं. आयुष्यभर ती सगळ्यांच्या मागून बोलली, आणि आता कोणीतरी तिच्या मागून बोलत होतं, तेही आजीच्या आवाजात. ती आणखी वाकली.

ज्योती झेपावणार होती. मी तिच्या पदराला पीळ देऊन धरून ठेवला. काठ पावसाने खालून खाल्लेला होता. रेणूच्या मांड्यांखाली माती पातळ दिसत होती, गवताची मुळं मोकळी लोंबत होती. दोघींचं वजन तिथं गेलं तर दोघी गेल्या. मी चपला काढल्या. मागून जाऊन धरू, असं माझ्या मनात. चार पावलं टाकली आणि पायाखाली वाळलेलं केळीचं पान मोडलं. त्या शांततेत ते हाड मोडल्यासारखं वाजलं. रेणू दचकून पुढे सरकली. ढेकूळ सुटलं. खाली पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं येणारच नाही.

मी दगडासारखी उभी राहिले. पुढे काय करायचं, मला सुचलं नाही. खरंच नाही.

“अहो, ऐकू येतं का? जेवाले चला म्हनते ना मी,” रेणू म्हणाली. आजीच्या आवाजात आता राग होता.

“आलो वं,” आबा म्हणाले. “वाढ तू.”

मोठ्याने नाही. स्वयंपाकघरात बायको असावी आणि आपण ओसरीवर, तसं. रेणूची पाठ ताठ झाली. विहिरीतून काही आलं नाही, आबांचा आवाज तिथवर पोचलाच नव्हता. रेणूने मान किंचित वळवली.

“हात धुवा आधी.”

“धुतले.”

“टोपी काढा. किती डाव सांगू?”

आबांनी टोपी काढली. माझ्यासमोर त्यांचं डोकं पहिल्यांदाच उघडं होतं, अगदी पांढरं. टोपी हातात धरून ते एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक, आणि जमिनीवर मांडी घालून बसले. ताटावर बसतात तसे.

“भाकर एक देऊ का दोन?”

“एकच दे. भूक नाही.”

“भूक नाही म्हने. दिवसभर खपता आन् भूक नाही.”

मला ते ऐकवत नव्हतं. मेलेली बाई नवऱ्याला जेवायला वाढत होती, दुपारच्या उन्हात, उघड्या विहिरीच्या काठावर, आणि नवरा उत्तर देत होता. एक शब्द चुकत नव्हता. रोज हेच बोलणं झालं असणार, वर्षानुवर्षं, आणि ही मुलगी दोघांच्या मध्ये बसून ऐकत असणार.

रेणूने एक पाय वर घेतला. मग दुसरा. हातांवर रांगत मागे आली, उभी राहिली, फ्रॉक झटकला. माझ्या बाजूने गेली, मी दिसलेच नाही तिला. आबांच्या समोर जाऊन मांडी घालून बसली आणि हात मांडीवर ठेवून ताटाची वाट बघू लागली. ज्योतीने तिला मागून मिठी घातली ती सोडेना.

मी विहिरीकडे पाठ केली होती. आबा माझ्या बाजूने निघून गेले ते कळलंच नाही, वळून बघितलं तर ते काठाजवळ पोचले होते. मी धावून त्यांचा सदरा धरला.

“आबा, मागे या. ती नाही तिथं.”

“माहीत हाये मले.”

“मग?”

“आयकू दे.”

मी सदरा सोडला नाही. ते वाकले आणि विहिरीत म्हणाले, “जेवलो.”

“...जेवलो,” विहीर म्हणाली. त्यांच्याच आवाजात.

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग टोपी डोक्यावर घातली आणि वळले.

विहीर बुजवा, असं मी त्यांना तिथंच स्पष्ट सांगितलं. त्यांनी बुजवली नाही. भोवती उंच तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाची किल्ली स्वतःच्या कंबरेला ठेवली. का, ते मी विचारलं नाही. ज्योती पुढच्या थंडीत मुलीला घेऊन परत पार्टीला आली, मला वाटलं होतं येणार नाही. मी आता शेतावर गेले की विहीर आहे का असं विचारत नाही. पूर्वी कधी होती का, कुठं होती, चला दाखवा, असं विचारते. लोकांना ते आवडत नाही. दाखवतात.

विहिरीपाशी आम्ही चौघं होतो. रेणू, ज्योती, आबा आणि मी. चौघंही चालत परत आलो.